दुसरी जीभ

धाकटीच्या रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला आणि घरात चोर शोधायचं ठरलं.

चोर शोधण्यात हे घर पहिल्यापासून हुशार. घरच्या बाइंडिंग कारखान्यातली मोठी कात्री हरवली की मास्तर झाडून सगळ्यांची उलटतपासणी घ्यायचे आणि कात्री शेवटी त्यांच्याच खिशात सापडायची. पण या वेळचा चोर कात्रीएवढा मोठा नव्हता. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलीला सीलिअॅक आहे. गहू, जव आणि त्यांचे भाऊबंद तिला सोसत नाहीत. त्यांचा कण पोटात गेला की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. औषध एकच, गहू बंद, आणि तोही जन्मभर. घराने गहू बंद केला. रक्तातला या आजाराचा आकडा एव्हाना निम्म्याखाली यायला हवा होता, पण तो जागचा हलायला तयार नव्हता.

"कुठून तरी गहू पोटात जातोय," डॉक्टर म्हणाले. "एखाद्या दिवशी नाही, रोज जातोय. शोधा."

आणि ज्या घरात एकच बाई स्वयंपाक करते, त्या घरात असल्या शोधाला फार लांब जावं लागत नाही. वहिनी हे ओळखून होती. कारखान्यातले कामगार तिला वहिनी म्हणत, म्हणून गल्ली वहिनी म्हणे, आणि दोनतीनदा तर घाईत खुद्द तिच्या नवऱ्याच्या, मास्तरांच्या तोंडूनही ते निघून गेलं होतं.

रविवारी दुपारी थोरला मुलगा आणि सून दोन तासांची बस पकडून आले. टेबल मांडलं. एका टोकाला मास्तर. मास्तर म्हणजे पुस्तकं बांधणारे. शाळेत शिकवायला ते जन्मात गेले नव्हते, पण कुठल्याही वाक्यानंतर 'कळलं?' म्हणायची खोड असल्यामुळे ते नाव चिकटलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला त्यांची थोरली बहीण, अक्का. वय अठ्ठावन्न, उंची शाळकरी मुलीची, उजवा हात प्लास्टरमध्ये. सात आठवड्यांपूर्वी अडकलेला ड्रॉवर ओढताना मनगट मोडलं होतं. ड्रॉवरला काही झालं नव्हतं.

अक्काने डाव्या हाताने सूपचा पहिला चमचा तोंडात घेतला.

"मीठ कमी आहे."

बत्तीस वर्षांपूर्वी नव्या नवरीच्या पहिल्या स्वयंपाकावर हेच वाक्य पडलं होतं आणि त्यात अजून एका अक्षराचा फरक झालेला नव्हता. एकदा वहिनीने मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. अक्का दोन पेले पाणी प्याली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." तेव्हापासून वहिनीने तो विषय हवामानाच्या खात्यात टाकला होता.

"हे बघा, कोणावर आरोप नाही," मास्तरांनी सुरुवात केली. म्हणजे आरोपी ठरलेला होता.

"मग सगळे माझ्याकडे का बघताय?" वहिनी म्हणाली.

"तुझ्याकडे नाही गं. पण स्वयंपाकघर तुझं. कळलं?"

"कळलं. बत्तीस वर्षांपूर्वीच कळलं." तिने उठून फळीवरचा पडदा सरकवला. धाकटीची भांडी वेगळी ठेवलेली होती. प्रत्येकाच्या कानाला लाल बाइंडिंग कापडाची चिंधी बांधलेली. वेगळं पातेलं, वेगळी चाळणी, वेगळा चमचा, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. "घ्या तपासून. आधी तिचं शिजतं, मग ओटा धुऊन तुमचं. पावाचा चुरा पडतो म्हणून तुमच्या बाबांना मी पाव खायला अंगणात पाठवते. पावसात छत्री घेऊन खातात."

"खरंय," मास्तरांनी कबूल केलं.

"मग आत्या देत असेल लाडाने," थोरला म्हणाला. "लहानपणी मला कशी पदराआडून बिस्किटं द्यायचीस, आठवतंय?"

अक्काने चमचा खाली ठेवला. "मी? जिच्यासाठी मी देवाजवळ... बरं, राहू दे. तिला विचार, मी आठ महिन्यांत एक बिस्किट दाखवलं का!"

"दाखवलं नाही," धाकटी म्हणाली. "आत्याच लपून खाते."

सगळे हसले. अक्काही हसली, नेहमीसारखी तोंडावर हात धरून. उजवा प्लास्टरमध्ये असल्यामुळे हल्ली ते काम डाव्याला आलं होतं.

धाकटी सव्वीस वर्षांची. जुजबंदीची, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने गुंफायची शिवण आणि पुस्तकांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं, ही दोन्ही कामं तिच्याइतकी सुबक करणारं कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं. लोहाच्या गोळ्या ती तीन वर्षं खात होती आणि रक्त काही भरत नव्हतं. तोंडात फोड यायचे, पोट फुगायचं, दुपारी चार वाजले की दिवा मंदावावा तशी ती मंदावायची. "घराण्याची प्रकृतीच नाजूक," असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे, त्यात थोडा अभिमानही असायचा. शेवटी हे धरलं सुनेने. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. एकदा गप्पा मारता मारता नणंदेला म्हणाली, "आ कर बघू." पुढच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारख्या खाचा, सारखे पिवळट पट्टे. "आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, असे दात, तोंडातले फोड आणि न भरणारं रक्त एकत्र दिसलं की पोटाकडे बघायचं." मग रक्त तपासलं, मग नळी घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि नाव सापडलं.

नाव सापडल्यावर आजार कोणाच्या माहेरचा यावर महिनाभर वाद झाला. अक्का म्हणाली, "आमच्यात असलं काही नव्हतं हो." मग आई, बाप, भाऊ, तिघांचंही रक्त तपासलं. तिघांचंही स्वच्छ निघालं. अक्काने ते आपल्या बाजूचं मत धरलं. सून म्हणाली होती, "अक्का, तुम्हीही तपासून घ्या, रक्ताच्या नात्यात असू शकतं." त्यावर अक्का म्हणाली होती, "माझं सगळं बघून झालंय." तो विषय तिथेच राहिला होता.

"आम्ही एक ठरवलंय," थोरला आता म्हणाला. सून पानाकडे बघत होती, म्हणजे ठरवलं त्याने एकट्याने होतं. "हिला आमच्याकडे नेतो. आम्ही दोघंच. घरात गहू आणणारच नाही. सहा महिन्यांचा प्रश्न आहे."

"आणि माझं काम?" धाकटीने विचारलं.

"तिथेही पुस्तकं आहेत."

"तिथे पुस्तकं विकतात, दादा. बांधत नाहीत. आणि मी पार्सल आहे का? पत्ता लिहिला की निघालं!"

"आकडा नाही उतरला तर पुढे काय होतं माहितीये? हाडं ठिसूळ होतात. मुलंबाळं व्हायला अडचणी येतात. आतड्याचं पुढे फार वाईटही होऊ शकतं, क्वचित होतं, पण होतं. डॉक्टर बोललेत. बाबा, तुम्ही सांगा."

मास्तर म्हणाले, "सहा महिने जाऊन येऊ दे." अक्काने मान डोलावली. "पोरीच्या जिवापुढे काम काय!" म्हणजे तीन मतं पडली. वहिनीने मोजलं. तिच्या बाजूला ती आणि धाकटी. सून अजून पानाकडेच बघत होती.

आणि सहा महिने म्हणजे किती, ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काही सासरहून चार दिवसांसाठी आली होती. त्याला तेहतीस वर्षं झाली.

"मंगळवारी निघू," थोरल्याने सांगून टाकलं.

जेवणं झाल्यावर सून भांडी पुसायला आली. लाल चिंधीचं फडकं लाल चिंधीच्या भांड्यांना, न विचारता. वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आई, खरं सांगू? माझं स्वयंपाकघर एवढं कडक नाही. ती आमच्याकडे आली तर मलाच धडकी भरेल."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तुमच्या मुलाचं बोलणं संपत होतं कुठे?"

वहिनीला हसू आलं. मित्रपक्ष मिळाला की भांडीसुद्धा हलकी होतात. "मग चोर कुठे आहे गं?"

"दिवसभरात तिच्या तोंडात काय काय जातं ते सांगा. सकाळपासून."

वहिनीने सांगितलं. दूध, पेज, फळ, भात, भाजी, चहा, औषधांच्या गोळ्या. त्या गोळ्यांच्या डब्यांवरचं बारीक अक्षरही तिने भिंग घेऊन वाचलं होतं. सून बोटांवर मोजत ऐकत होती.

"हे इथलं झालं. आणि ती सात ते सहा असते ना, तिथलं?"

"तिथे ती काम करते. खायला इथे येते. आणि तिथलं मला विचारू नकोस. तो मुलूख वन्संचा."

ते खरं होतं. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामध्ये आठ पावलांचा बोळ आणि एक खिडकी. लग्नानंतर महिन्याभरात वहिनीने ग्रंथालयाच्या एका जाड पुस्तकावर ओला पेला ठेवला होता. पुठ्ठ्यावर गोल डाग पडला. अक्काने तो पुठ्ठा बदलला, पण डागाचा जुना पुठ्ठा अजून खिळ्याला टांगून ठेवलेला होता. तेव्हापासून चहा खिडकीतून आत जायचा आणि पेले खिडकीतून बाहेर यायचे. वहिनी उंबऱ्याच्या आत कधी कामाच्या वेळी गेली नाही. कोणी मना केलं नव्हतं. तो पुठ्ठा पुरेसा बोलका होता.

सोमवारी सकाळी सात वाजता तिने तबकात पाच पेले ठेवले आणि खिडकीशी न थांबता सरळ आत गेली. मागोमाग सून.

आत उजेड तिरपा पडला होता आणि त्या उजेडात पांढरी धूळ तरंगत होती. धाकटीने नुकताच मैदा चाळला होता. शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं. त्यात खळ, म्हणजे पुठ्ठा-कापड चिकटवायची लापशीसारखी लही, शिजत होती. धाकटी ढवळत होती आणि स्टुलावर बसून अक्का डाव्या हाताने दिशा दाखवत होती. "सावकाश. तळ सोडू नकोस. दुधासारखी आहे अजून, काचेसारखी झाली पाहिजे." शिकंज्याखाली नोंदवह्यांचा गठ्ठा दाबात होता. मास्तर पलीकडे छापील कागदांचे फर्मे मोजत होते.

खळ काचेसारखी झाली. धाकटीने गॅस बारीक केला. मग अक्काने डाव्या हाताची करंगळी कडेच्या निवलेल्या खळीत बुडवली आणि जिभेच्या टोकाला लावली. डोळे मिटले.

"शिजली," ती म्हणाली.

मग धाकटीने करंगळी बुडवली. जिभेला लावली. डोळे मिटले.

"शिजली."

"टाक मोरचूद," अक्का म्हणाली. किडींसाठीचा तो निळा खडा विषारी. म्हणून चाखणं नेहमी त्याच्या आधी. याबाबत अक्का इतकी काटेकोर की तिचं कौतुकच व्हायचं.

तबकातले पेले किणकिणले. वहिनी एका ढांगेत पातेल्याशी पोचली होती.

"आत्ता काय केलंत तुम्ही दोघींनी?"

अक्काने आधी वहिनीकडे, मग तिच्या पायांखालच्या जमिनीकडे पाहिलं. "खळ पास केली. आणि तू इथे—"

"चाखून?"

"मग काय हुंगून? कच्ची राहिली तर पिठाची चव लागते आणि पुठ्ठा सुटतो. आमच्या आबांचा नियम आहे, एक जीभ खोटं बोलते, दोन बोलत नाहीत. आधी आबांची आणि माझी होती. ते गेल्यापासून माझी आणि हिची. बारा वर्षांची असल्यापासून चाखते ती. एक दिवस चुकली नाही."

"रोज?"

"रोज खळ लागते तर रोजच की."

"वन्सं, ही खळ कशाची?"

"मैद्याची. बत्तीस वर्षं या घरात काढून हे विचारतेस?"

"आणि मैदा कशाचा?"

पातेल्यात एक बुडबुडा फुगला आणि फुटला. पलीकडे मास्तरांची मोजणी चौऱ्याहत्तरवर थांबली.

"पण आई," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, "ही खळ आहे. हे खाणं कुठे आहे? डॉक्टरांनी काय खातेस विचारलं, मी सगळं लिहून दिलं. पाणी कुठल्या नळाचं तेसुद्धा लिहिलं."

"खळ नाही लिहिलीस."

"पुठ्ठाही नाही लिहिला! कोण लिहील?"

सून पुढे आली. टेबलावर अर्धवट शिवलेली वही होती. "पान कसं उलटतेस, दाखव."

धाकटीने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. मग अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला कालची वाळलेली खळ पांढऱ्या रेघेसारखी बसली होती. तिने हात हळूच मांडीवर ठेवला, जणू तो दुसऱ्याचा होता.

"आणि ही धूळ," सून म्हणाली. "चाळताना नाकातोंडात जाते, ती पण पोटातच उतरते."

"म्हणजे कात्री शेवटी शोधणाऱ्याच्याच..." मास्तरांच्या तोंडून निघालं, आणि बहिणीचा चेहरा बघून त्यांनी उरलेलं वाक्य गिळलं.

"बोल की," अक्का शांतपणे म्हणाली. "म्हणजे चोर मी."

वहिनीजवळ या प्रसंगासाठी वाक्यं तयार होती. एक नाही, चांगली बत्तीस वर्षांची साठवण होती, दर हिवाळ्यात धार लावलेली. आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तिने तबक खाली ठेवलं. कागदांपासून लांब ठेवलं.

"चोर कोणी नाही," ती म्हणाली. "पोरीला तुम्ही हातचं राखून काही शिकवलं नाहीत, एवढंच झालं. आधी चहा घ्या."

दाराशी थोरला येऊन उभा होता. त्याला सगळं कळायला अर्धं मिनिट लागलं आणि निकाल लावायला त्याहून कमी. "मग तर प्रश्नच मिटला. इथे मैदा उडतो, म्हणजे इथे ती राहूच शकत नाही. उद्याची बस—"

"कुठे नेतोस तिला?" अक्का म्हणाली.

"तूच काल म्हणालीस ना, जिवापुढे काम काय!"

"काल मला चोर माहीत नव्हता." ती स्टुलावरून उतरली. उतरल्यावर ती पातेल्यापेक्षा फार उंच राहत नसे, पण कारखाना गप्प व्हायचा. "इथे मैदा असेपर्यंत ती राहू शकत नाही, बरोबर? मग मैदा जाईल. पोरगी राहील."

"अक्का," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "आबांची खळ आहे ती."

"आबा गेले. ही आहे. कळलं?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मास्तरांना त्यांचाच शब्द परत दिला होता. त्यांनी निमूट चहा उचलला. वहिनीने पुन्हा मतं मोजली. काल दोनावर तीन होती. आज थोरला एका बाजूला एकटाच उरला होता, आणि त्यालाही कोणी मत विचारत नव्हतं.

"तांदळाची करू," वहिनी म्हणाली. "तांदळाचं पीठ शिजवायला मला येतं. चिकट कसं होतं आणि कशाने बिघडतं, सगळं येतं."

"धरेल पुठ्ठा?"

"पातेलं धरतं, घासून घासून हात मोडतात. पुठ्ठा का नाही धरणार?"

अक्काने मैद्याच्या पोत्याकडे पाहिलं. नाही म्हणाली नाही, याची नोंद वहिनीने घेतली. सुनेने मात्र तेवढ्यात आपलं घोडं पुढे दामटलं.

"अक्का, ही रोज चाखत होती, तशा तुम्हीही चाखत होतात. आणि पावही खाताय. तुमचं मनगट ड्रॉवर ओढून मोडलं. लोहाच्या गोळ्या तुम्हालाही आहेत. कोपरांवर पुरळ उठतं, खाजतं—"

"ते मोरचुदाने."

"मोरचूद बोटांना लागतो. पुरळ कोपरांवर आणि गुडघ्यांवर आहे. आणि तुम्ही हसताना तोंडावर हात धरता. मला तुमचे दात एकदाच दिसले, पण मी दातांचंच काम करते."

"झालं?"

सुनेने क्षणभर सासूकडे पाहिलं. "आणि... दिवस राहून न टिकणं. तेही कधी कधी असतं यात. प्रत्येक वेळी कारण हेच, असं नाही. पण असतं."

अक्काने प्लास्टरचा हात पोटाशी धरला. "मला तपासायचं नाही," ती म्हणाली आणि बोळातून निघून गेली.

दुपारी वहिनी तिच्या खोलीत गेली. मनगट मोडल्यापासून रोज सकाळी-संध्याकाळी अक्काच्या झग्याची बटणं वहिनीच लावायची आणि काढायची. सात आठवडे, दिवसातून दोनदा, दोघी एवढ्या जवळ उभ्या राहत आणि एवढं कमी बोलत, की बघणाऱ्याला वाटावं शिंपी माप घेतोय.

आज वरचं बटण सुटलं होतं. वहिनीने ते लावलं.

"तीन वेळा," अक्का भिंतीकडे बघत म्हणाली. "तुला दोनच माहीत असतील."

"तीन माहीत आहेत. सासूबाईंनी सांगितलं होतं."

"कधी?"

"लग्नाच्या आधी. म्हणाल्या, तिला काही बोलू नकोस."

अक्काने मान वळवली. "आणि एवढ्या वर्षांत तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही?"

"तुम्ही मीठ कमी म्हणायचात, तेव्हा यायचं ओठांवर. परत पाठवायचे."

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिची चाकं वळणापर्यंत वाजत राहिली.

"तिकडे म्हणायचे, हिची कूसच कच्ची," अक्का म्हणाली. "ऐकून ऐकून मीही धरून चालले. त्याची सवय झाली, मग त्याचा त्रास राहिला नाही. आता एक कागद येणार आणि सांगणार, बाई गं, कूस नव्हती, पाव होता! मग मी कोणावर रागवू? ते सगळे मरून गेले."

"पावावर रागवा. मी सोबतीला रागावते."

"चेष्टा करू नकोस."

"करत नाही. आणि हेच कारण होतं असं तो कागदही सांगणार नाही. सून म्हणाली ना, झालेल्याचा निवाडा आता कोणी करू शकत नाही." वहिनी पलंगाच्या कडेवर टेकली. "पण वन्सं, ते झालेलं झालं. हाडं तुमच्यापाशी अजून दोनशेच्या वर आहेत. एकच मोडलंय. बाकीच्यांचं बघायला नको?"

अक्काने प्लास्टरच्या कडेवरून डावा अंगठा फिरवला. मग तिने विचारलं, "ती म्हणत होती, तपासायच्या आधी गहू सोडायचा नाही?"

"हो. सोडला तर रक्तात खूणच सापडत नाही, आजार लपून बसतो. म्हणून रक्त देईपर्यंत पाव खायचा."

"म्हणजे चोर पकडायचा तर कडी काढून ठेवायची."

"तसंच."

"मग उद्या सकाळी मला दोन टोस्ट दे," अक्का म्हणाली. "आणि तुझ्या नवऱ्याला सांग, मी छत्री घेऊन अंगणात खाणार नाही."

मंगळवारी सकाळची बस थोरल्याने एकट्याने पकडली. सून एक दिवस मागे राहिली. नऊ वाजता अक्काला रक्त द्यायला न्यायचं होतं. त्याआधी, सहाच्या सुमाराला, कारखान्याची जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसून झाली होती. मैद्याचं पोतं मास्तरांनी स्वतः उचलून बाहेर नेलं होतं. धाकटी बोटांना रबराची टोपणं घालून खिडकीशी बसली होती. पानं आता थुंकीने उलटायची नव्हती. अक्काने तिला बजावलं होतं, "आकडा उतरेपर्यंत तुझी जीभ सुट्टीवर. तांदळाची असली तरी. हात तोंडाकडे जायची सवयच मोडली पाहिजे."

नवं पातेलं शेगडीवर होतं. त्याच्या कानाला लाल चिंधी. वहिनी ढवळत होती आणि अक्का स्टुलावरून शिकवत होती.

"सावकाश. तळ सोडू नकोस."

"तांदळाला असं नाही चालत. याला मधेच विसावा द्यावा लागतो."

"खळीला विसावा?"

"बघा तरी."

अक्काने बघितलं. खळ पांढरी होती, मग धुरकट झाली, मग विसाव्यानंतर एकाएकी तकतकीत झाली. तिने पुढे वाकून कागदाची एक पट्टी बुडवली, पुठ्ठ्यावर चिकटवली, ओढून पाहिली. पट्टी फाटली, सुटली नाही. तिने दुसरी पट्टी मागितली नाही.

मग तिने डावी करंगळी कडेला बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले.

"शिजली," ती म्हणाली आणि डोळे उघडून थांबली. सवयीने नजर खिडकीकडे गेली. धाकटीने रबराची दहा टोपणं वर करून दाखवली.

अक्काने नजर वळवली. खिळ्याला तो डागाचा पुठ्ठा टांगलेला होता. त्याच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग वहिनीकडे.

"बघतेस काय? दुसरी जीभ लागते. आबांचा नियम आहे."

वहिनीने हात फडक्याला पुसले, कोरडे होईपर्यंत पुसले. करंगळी बुडवली. जिभेला लावली. डोळे मिटले आणि मुद्दाम बराच वेळ मिटलेलेच ठेवले. कारखाना थांबला होता.

"शिजलीये," ती म्हणाली. "पण मीठ कमी आहे."

अक्का हसली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्याच्या बोटाला खळ लागलेली, त्यामुळे तोंडावर धरायला हात उरलाच नाही. ती तशीच हसत राहिली. पुढच्या दातांवरच्या खाचा, दोन्ही बाजूंना सारख्या, उजेडात स्वच्छ दिसल्या. खिडकीशी धाकटीने त्या पाहिल्या, आणि न कळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

"चला अक्का," सून दाराशी येऊन म्हणाली. "टोस्ट खाल्लेत ना?"

"खाल्ले," अक्का म्हणाली. मग वहिनीकडे वळून तिने कोपर पुढे केलं. "आधी एवढी बाही दुमडून दे. तिथे टोचणाऱ्या बाईला जमेल न जमेल."